सक्तीचा रकाना

सकाळी साडेनऊला नगरपालिकेच्या संगणक कक्षात शिरताच प्रोग्रॅमर मृणालिनीने टँकरच्या मागण्यांचे संकेतस्थळ उघडले. कुंभारवस्तीची पाण्याची मागणी अकराव्या दिवशीही रांगेतच होती.

"मॅडम, साहेबांचं लॉन वाळतंय," पाणीपुरवठा सभापतींचा पीए खुर्चीत पसरत म्हणाला. "त्यांच्या सोसायटीला रोज पहिला टँकर. सेटिंगच्या फाइलमध्ये वेगळा विभाग करा; ऑडिटवाले प्रोग्रॅम चाळतात, सेटिंग कोण कुत्रं बघतंय?"

तिला त्याच्या निर्लज्जपणाची किळस आली. आजवर असल्या कामांना मुकाट्याने मान डोलावल्याबद्दल स्वतःची त्याहून अधिक.

त्याने सांगितल्याप्रमाणे तिने विभाग केला आणि त्यात एक रकाना सक्तीचा ठेवला: शिफारस करणाऱ्याचे नाव. तो रिकामा राहिल्यास संकेतस्थळ सुरूच होणार नव्हते; भरल्यास ते नाव पहिल्याच पानावर साऱ्या गावाला दिसणार होते.

सभापतींचे संपूर्ण नाव तिने हुद्द्यासह शांतपणे भरले आणि फाइल सर्व्हरवर चढवली.