गुळाचे सात खडे

गुळाचं पाणी आंबवणारे तिबिकोसचे दाणे सोमवारी चार चमचे होते. गुरुवारी अकरा भरले. ओतिलियाने पुन्हा मोजले. तीस वर्षं मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या शाळेत तिने शिकवलं होतं, खाणं जास्त तर वाढ जास्त. पण ती रोज गुळाचा एकच खडा घालायची. दाणे विकायचे नसतात, वाटायचे असतात. पण इतके वाटून झाले की आता गल्लीत तिला कुणी दारही उघडेना. "म्हाताऱ्या, तू चोरून गूळ घालतोस ना?" "मला तर यांचा वासही सोसत नाही," नवरा एवारिस्तो म्हणाला. तिने गुळाचा पुडा उलटा केला. आठवड्याच्या सात खड्यांपैकी तीन उरायला हवे होते. एकही पडला नाही. "मग घालतं कोण?" तो अडखळत म्हणाला, "कालपासून तूच पाचदा घातलास, राणी." 'तू विसरतेस, डॉक्टरांना दाखव' हे मुलीचं म्हणणं वर्षभर तिने ऐकलं नव्हतं. चमचा ठेवून ती म्हणाली, "पोरीला फोन लाव. डॉक्टरांकडे येते म्हणावं."