व्हर्नाची जागा

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या नव्वद हजार प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये बाकांवर मांडीला मांडी लागली होती. पण ऑरिनच्या शेजारची, त्याच्या बायकोची, व्हर्नाची जागा लोकांनी मोकळी ठेवली होती. ती वारल्यानंतरचा हा पहिलाच सामना, आणि दरवर्षी पैसे भरून राखलेली ती जागा कायमची सोडायच्या विचाराने ऑरिन आला होता.

"पुढच्या वर्षीपासून माझ्या जावयाला देशील ना?" मागच्या रांगेतल्या ड्वेनने विचारलं.

"सामना संपू दे. सांगतो."

शेवटच्या मिनिटाला पाहुणा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर, जेमतेम तीन फुटांवर येऊन ठेपला; ती ओलांडली की सामना त्यांचा. अशा वेळी सगळ्या स्टेडियमने ओरडायचं, म्हणजे त्यांच्या कप्तानाची हाक त्यांच्याच गड्यांना ऐकू जात नाही.

"ओरड की, म्हाताऱ्या!" ड्वेन खेकसला.

"ते व्हर्नाचं काम. मी तिचा कोट धरायचो."

"मग आता काय, नुसता बसून राहणार?"

ऑरिन उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. दफनाच्या दिवशी घशात अडकून राहिलेलं सगळं त्यात बाहेर पडलं. आवाज फाटला तरी तो थांबला नाही. त्या गदारोळात पाहुण्यांचा एक गडी हाकेआधीच हलला. पंचांनी त्यांना पाच यार्ड मागे नेलं, पुढचा डाव फसला आणि घरच्या संघाने सामना मारला. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

"मग, जागेचं काय?" ड्वेनने डोळे पुसत विचारलं.

"दोन्ही ठेवतोय," ऑरिन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एकट्याने दोघांचं ओरडायचंय. जागाही दोघांची लागेल."