फ्लोरेसच्या शाळेसाठी

"इबू हार्ती, या आवृत्तीत जुन्या संगणकांना सोडून देऊ या," प्रास्तोवो म्हणाला आणि तळलेल्या तेंपेची, आंबवलेल्या सोयाबीनच्या कापांची, बशी त्याने घाईने तिच्यापुढे सरकवली.

हार्तीने बशीला हात लावला नाही. "आणि गुरुजींच्या शाळेतली मुलं?" तिने विचारलं.

प्रास्तोवोने चहात आणखी साखर घातली. हे उत्तर त्याला पाठ होतं.

कुनांग, म्हणजे काजवा. लिनक्सच्या पायावर जावा बेटावरच्या जोगजा शहरातल्या हौशी लोकांनी मिळून उभी केलेली, कुणालाही फुकट मिळणारी संगणकप्रणाली. एके काळी नवी आवृत्ती ठरवायची बैठक म्हणजे हार्तीच्या या पुढच्या खोलीत जत्राच असे. कोणी सीडी भरतंय, कोणी बेटाबेटांवर पाठवायची पाकिटं चिकटवतंय. नव्या आवृत्तीला कुठल्या पक्ष्याचं नाव द्यायचं यावरून दोघा प्राध्यापकांनी महिनाभर अबोला धरला होता. मग कोणी जकार्ताला गेलं, कोणाला मुलं झाली, कोणी नुसतंच यायचं थांबलं. उरले दोघे. ग्रंथालयातून निवृत्त झालेली हार्ती आणि झेरॉक्सचं दुकान चालवणारा, पोट सुटलेला प्रास्तोवो.

ज्या मोठ्या प्रकल्पाच्या आधारावर कुनांग उभं होतं, त्याने जुन्या यंत्रांसाठी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार संच, बनवणं बंद केलं होतं. आता ती एकेक करून हार्तीला घरी बांधावी लागत. एक सुधारावं तर दुसरं मोडे. आवृत्ती निघाली की जरा पाठ टेकावी, तोवर पुढचीची तारीख ठरवायची वेळ येई.

तिकडे डोंगरातल्या सालातिगा गावी थोरली बहीण वार्सिनी एकटीच राहत होती. तिने हार्तीसाठी खोली कधीची झाडून ठेवली होती. थंड हवा, मागे भाजीचा वाफा. "एवढी आवृत्ती निघाली की येते," हे हार्ती इतक्यांदा म्हणाली होती की बहिणीने विचारणंच सोडलं. गेल्या आठवड्यात मात्र तिचा फोन आला. "ईदच्या आत ये, नाहीतर मी खोलीत भाडेकरू ठेवते. माझे गुडघे तुझ्या आवृत्त्यांसाठी थांबत नाहीत."

हार्ती जाऊ शकत नव्हती, कारण गुरुजी.

सिल्वेस्तर गुरुजी फ्लोरेस बेटावरच्या एका शाळेत शिकवत. शाळेतल्या म्हाताऱ्या यंत्रांवर दुसरं काहीच चालत नसे, चालायचं ते कुनांग. आवृत्ती निघाली की सगळ्यांत आधी त्यांची मेल येई. बसवली, चालते, मुलं खूश आहेत, हार्ती इबूंचे, म्हणजे बाईंचे, आभार. खाली फोन नंबर आणि सोबत फोटो. पूर्वीच्या फोटोत दात पडलेली मुलं पडद्याभोवती गर्दी करून असत. अलीकडे नुसता पडदा दिसे आणि मागे उजेडाची खिडकी. एकदा तर खिडकीत कोंबडी होती. "बघ, कोंबडीसुद्धा शाळेत येते," असं म्हणत हार्तीने तो फोटो कौतुकाने प्रास्तोवोला दाखवला होता.

अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? हार्तीच्या घराण्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नव्हती. बघू म्हणत, हसत, चहा देत, आणि समोरच्याने समजून घ्यायचं. तिने गुरुजींना तीनदा मेल लिहायला घेतली आणि तीनदा पुसून टाकली. फ्लोरेसची माणसं रोखठोक असतात म्हणे. पण गुरुजी मऊपणात जावाच्या माणसालाही मागे टाकतील असे होते.

"फोन करा," प्रास्तोवो म्हणाला. "लिहिलं की ते कायमचं राहतं. बोललं की निभून जातं."

"आत्ता?"

"आत्ता. मी गेलो की तुम्ही करणार नाही."

तिने नंबर लावला. फोन एका बाईने उचलला. मागे भांडी वाजत होती. गुरुजी घरी नव्हते, पाद्रीबाबांकडे गेले होते. शाळा सुटल्यावर भेटतील का, असं हार्तीने विचारलं.

बाई हसली. "कसली शाळा, इबू? ते निवृत्त होऊन किती वर्षं झाली. पाद्रीबाबांकडे इंटरनेट बरं चालतं म्हणून गेलेत. जोगजाच्या एका बाईंचं संगणकाचं काहीतरी नवीन येणार आहे ना, त्याची चौकशी करायला."

"आणि शाळेतली यंत्रं?" हार्तीने हळूच विचारलं.

"ती केव्हाच भंगारात गेली. शाळेला नवी आली, मुलं त्यांच्यावर बसतात. ह्यांनी मात्र एक जुनं उचलून घरी आणलं. माझ्या स्वयंपाकघरात जागा अडवून बसलंय." बाईने फोन दुसऱ्या कानाला लावला असावा, आवाज जवळ आला. "मुलगा तिकडे कुपांग शहरात बोलावून थकला. नातू चालायला लागला, आम्ही अजून बघितला नाही. विचारलं की एकच, त्या बाईंची एवढी आवृत्ती बसवून कळवतो, मग जाऊ. मी म्हणते, सांगून टाका ना तिला एकदा. तर म्हणतात, कसं सांगू? एकटी आहे, एवढ्यावरच तर जगते."

प्रास्तोवो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, चमचा हातातच होता.

आपण कोण हे कळलं, तर संध्याकाळच्या आत गुरुजींचा फोन येईल हे तिला ठाऊक होतं. बायकोचं बोलणं मनावर घेऊ नका म्हणतील. मुलं वाट बघतायत म्हणतील. आणि शरमेपोटी पुढच्या दोन आवृत्त्यांच्या तारखा मागून घेतील.

"आल्यावर कोणाचा फोन म्हणून सांगू?" बाईने विचारलं.

"नाव राहू दे," हार्ती म्हणाली. "एवढंच सांगा, जोगजाच्या त्या बाई काल वारल्या."