नव्या महापौराचा विषय

आम्हा ज्यू लोकांत शोकाच्या घरी पाहुण्यांनी आधी बोलायचं नसतं. घरचं माणूस बोलेपर्यंत थांबायचं. बाबा गेल्यावर त्यांचे ब्रुकलिनमधले ज्यू पोलीस मित्र येऊन गप्प बसले. न्यूयॉर्कच्या नव्या महापौरावरून त्यांच्यात फूट पडलेली. निम्मे खिडकीशी, निम्मे दाराशी. त्यांना धरून ठेवणारे बाबाच होते. आज असेच उठून गेले, तर पुन्हा एकत्र येणार नव्हते. घरच्यांनी शोकात बसायच्या बुटक्या स्टुलावरून मी विचारलं, "बर्नीकाका, नवा महापौर काय म्हणतोय?" "पोरी, आज नको." "सांग की!" मी हट्ट धरला. दाराकडून हर्शकाका उसळले, "त्याला मत देताना लाज नाही वाटली?" "तुला वर्दी देताना खात्याला कुठं वाटली?" मग सगळेच भांडू लागले, भांडता भांडता खुर्च्या टेबलाभोवती आल्या. खालच्या शेजारणीनं छताला झाडू ठोकला. बाबा तिला टाच आपटून उत्तर द्यायचे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून टाच आपटली.