ड्रेसची घडी मोडली

नम्रताच्या स्टेटसला शमिकाचा ड्रेस होता.

म्हणजे नम्रता त्यात होती. मांडवीच्या जेटीवर उभी, हातात भेळेचा कागद, आणि अंगात तो डाळिंबी ड्रेस. शमिकाने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. गळ्याला तीच बारीक पायपिंग, बाहीला तीच दोन बटणं. शमिकाने स्वतः अजून एकदाही अंगाला लावून न पाहिलेला ड्रेस, आणि ही चुलतबहीण तो घालून भेळ खातेय! उद्या सकाळी दहाला शमिकाला पतपेढीत नोकरीवर हजर व्हायचं होतं. ड्रेस त्यासाठीच होता. आणि आईने तर सांगितलं होतं, इस्त्रीला दिलाय.

बरं, हा काही साधासुधा ड्रेस नव्हे. बावीस वर्षांत शमिकाच्या अंगाला लागणारं हे पहिलं नवं कापड. खोटं वाटेल, पण खरं आहे. आणि तिची आई कोण? गंगा टेलर! शिरगावपासून मिऱ्यापर्यंतच्या बायका जिच्याकडे ब्लाऊज टाकतात ती. दिवाळीच्या आधी शेजारपाजारच्या पोरींची परकर-पोलकी शिवताना तिला जेवायला फुरसत नसायची. एकुलत्या एका मुलीला मात्र कुणाचा तरी उतरलेला फ्रॉक, दोन टिपा मारून. अडचण होती म्हणावं तर तसंही नाही. बाबा मुंबईला कंपनीत, पैसे वेळच्या वेळी पाठवायचे. नुसती हौस आईची, चिक्कूपणाची.

हात मात्र सोन्याचा, हे कबूल करायलाच हवं. आंबा बागायतदार चारुदत्तकाकांच्या घरून कपड्यांची पिशवी यायची. त्यांच्या स्वानंदीचा विटलेला कुर्ता गंगा सगळा उसवायची, कापड उलटं करून आतली ताजी बाजू वर घ्यायची, कॉलर बदलायची, खिशाला जुन्या साडीचा काठ लावायची. कॉलेजात पोरी विचारायच्या, "कुठून घेतलास गं?" एकदा तर खुद्द स्वानंदीनेच विचारलं, स्वतःचा कुर्ता ओळखला नाही तिने. पण शमिकाला माहीत असायचं ना! कुणी कौतुक केलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात पिशवी घेताना आईची ठरलेली चौकशी. "पोरगी बरी आहे ना? आजारपण वगैरे काय नाय ना?" फुकटचं घ्यायचं आणि वर ह्या चौकशा! शमिकाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून यंदा उन्हाळाभर तिने शिकवण्या घेतल्या आणि मारुती आळीतून स्वतः कापड आणलं. मशीनवर ठेवलं आणि बजावलं, "हे नवं आहे. ह्याला जुन्याची एक चिंधीसुद्धा लावायची नाही." गंगाने कापड उचलून फळीवर ठेवलं. मग सुरू झाली टोलवाटोलवी. आज दोरा जुळत नाही, उद्या मशीन तेल मागतंय, परवा अमावस्या. महिना गेला. शेवटी काल एकदाचा ड्रेस झाला, आणि आज तो जेटीवर.

शमिका तरातरा पडवीत आली. गंगा कुणाच्या तरी ब्लाऊजला हुक लावत होती.

"आई, ड्रेस कुठाय?"

"इस्त्रीला दिलाय म्हटलं ना."

शमिकाने मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. गंगाने फोटो पाहिला. ओशाळली बिशाळली काही नाही. तेवढ्यात फाटक वाजलं आणि खुद्द नम्रताच पिशवी घेऊन आत आली.

"काकी, हा घे. सकाळपासून अंगातून काढला नाय. घामाने चिंब झालाय नुसता. पुरे ना एवढा?" मग तिला शमिकाचा चेहरा दिसला. "अगो, माझ्यावर कशाला डोळे वटारतेस? काकीच म्हणाली, ड्रेसची घडी तू मोड म्हणून."

नम्रता आली तशी सटकली. गंगाने ड्रेस पिशवीतून काढला, झटकला, उजेडात धरून काखेतला घामाचा डाग नीट बघून घेतला. तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. तिने तो शमिकापुढे धरला.

"हा घाल आता. आता भय नाय."

"भय?" शमिकाचा आवाज चिरकला. "कसलं भय? मी घरात नवं काही आणलं की तुझ्या पोटात दुखतं, ते भय?" तिने ड्रेस हिसकावला आणि जमिनीवर फेकला. "सगळ्या गावच्या पोरांना नवं शिवतेस. बारशाची टोपडी शिवतेस, दुपटी शिवतेस. माझ्याच नशिबी जन्मापासून लोकांचं उतरलेलं! एक ड्रेस मागितला होता गं, एकच. तोसुद्धा उष्टा करून दिलास. उद्या नवीन जागी दुसरीचा घाम अंगावर घेऊन जाऊ मी? असं काय वाईट केलं होतं मी तुझं? माझ्यासाठीच कधी तुझा हात का चालला नाही?"

ती रडायला लागली. इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं आणि थांबेना.

गंगाने वाकून ड्रेस उचलला. त्याची माती पदराने पुसली. मग तो छातीशी धरून ती मशीनच्या स्टुलावर बसली.

"चालला होता गो हात. तुझ्या आधीच्या दोघांना नवीच झबली शिवली होती मी," ती म्हणाली. "दुसरी शिवायची वेळच आली नाय."