कानाशी सांगितलेल्या बातम्या

तोफखान्यातल्या नोकरीनं लालासाहेबांचे कान पार गेले होते. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या की त्यांची बायको रंगूबाई कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगायची. ती गेली, तिचे दिवस घातले, आणि लालासाहेब टीव्हीला जोडायचा स्पीकर घ्यायला वडूजला आले.

दुकानदारानं सगळ्यात मोठा स्पीकर जोडून गाणं लावलं.

"गाणी नगंत रं, बातम्या लाव."

बातम्या लागल्या. कारगिलमध्ये महिनाभर चाललेला तोफांचा मारा आजही थांबला नव्हता.

"येतंय का ऐकू, आबा?" दुकानदारानं त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"शब्दन्‌शब्द येतोय."

"मग बांधू?"

"नगं." लालासाहेबांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "आमचा ल्योक जयराज तिथंच हाय. ही रोज सांगायची, सीमेवर समदं शांत हाय म्हणून."