जरा पुसट

"अजून जरा पुसट करा," चष्मेवाला म्हणाला.

संगणकावर दुकानांचे बोर्ड करणाऱ्या ताईंनी चित्र ठळक-फिकं करणारी ओपॅसिटीची पट्टी आणखी डावीकडे ओढली. पडद्यावरचा म्हातारा छातीपासून खाली विरत विरत आभाळात मिसळला. चेहरा तेवढा राहिला, तोही धुक्यातून पाहावा तसा.

ताईंना हा चेहरा इतका घालवायचा नव्हता. कालचा अख्खा दिवस त्यांनी त्यात घातला होता. मिळालेला फोटो जुना, अंगठ्याएवढा. तसाच मोठा केला असता तर बोर्डावर नुसते चौकोन दिसले असते. म्हणून त्यांनी तो पहिल्यापासून काढला. कपाळावर उजेड, गालाखाली सावली, रंगाचा एक ग्रेडियंट दुसऱ्यात असा उतरवत नेला की जोड कुठे आहे ते त्यांचं त्यांनाच सापडेना. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्यानं पडलेले खळगेसुद्धा सोडले नाहीत. आणि या चष्मेवाल्याला तो पुसून हवा होता! पण गिऱ्हाइकापुढे कोण तोंड उघडणार?

या धंद्यात एक रीत होती. कुणी शिकवलेली नाही, पण सगळे पाळायचे. जिवंत माणसं पुढे, ठसठशीत रंगात. गेलेली माणसं मागे, वरच्या कोपऱ्यात, पुसट. चष्मेवाल्यानं आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या बोर्डासाठी फोनवर सांगितलं, "मी आणि माझा मेहुणा पुढे, तो आता भागीदार आहे. वडील मागे, वर, जरा पुसट," तेव्हा ताईंनी पुढे काही विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? उलट आपल्या मनानं म्हाताऱ्याच्या डोक्यामागे पिवळसर उजेडही सोडला, मधोमध दाट आणि कडेला जाता जाता नाहीसा होणारा.

"फार शांत चेहरा आहे हो," त्या म्हणाल्या. "कधी गेले?"

चष्मेवाल्यानं मोबाइलमधून मान वर काढली नाही. "मेहुण्याचा शर्ट जरा उठावदार करा," म्हणाला.

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारा आत आला. अंगात इस्त्रीचा कोट, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं ताजं. ताईंनी त्याच्या नाकाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. ते दोन खळगे त्यांनी काल स्वतःच्या हातानं काढले होते.

"उशीर नाही ना झाला?" म्हातारा धापा टाकत म्हणाला. "सूनबाई म्हणाली, दुकानाच्या नव्या बोर्डाचं काम चाललंय. म्हटलं फोटो काढतील, जरा माणसात यावं."

"बाबा, तुम्हाला कुणी यायला सांगितलं?" चष्मेवाला ताडकन उठला.

म्हाताऱ्यानं ते ऐकलंच नाही. तो पडद्यापाशी वाकला. वर दुकानाचं नाव होतं, त्यानंच ठेवलेलं. खाली मुलगा आणि मुलाचा मेहुणा, हाताची घडी घालून, तोंडभर हसत. मग त्याला वरच्या कोपऱ्यातला माणूस दिसला. साऱ्या बाजाराचे बोर्ड तो आयुष्यभर बघत आला होता. त्या कोपऱ्याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता.

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, चुकलंच माझं," म्हणत त्यांनी पट्टी सरळ उजव्या टोकाला नेली. चेहरा भरला, गालांवर रंग आला. "हे बघा. आत्ता पुढे घेते तुम्हाला."

"नको," मुलगा म्हणाला. "होतं तसंच राहू द्या. पुढे तिघं कशाला? मेहुण्याला बरं नाही वाटणार. आणि बाबा दुकानात असतात कुठे आता?"

"तूच म्हणालास, घरी बसा," म्हातारा म्हणाला.

"तुमच्या भल्यासाठीच म्हणालो ना!"

ताईंनी नाइलाजानं पट्टी मागे आणली. गालांवरचा रंग उतरला.

म्हातारा पाठमोरा न होता, मागे मागे सरकत दारापर्यंत गेला. दुकानात डोळे तपासताना गिऱ्हाइकाला उभं करून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा, साधारण तेवढ्या अंतरावर थांबला. तळव्यानं एक डोळा झाकला. मग दुसरा.

"इथून अजून दिसतोय," तो म्हणाला. "ताई, काम अर्धवट कशाला ठेवता? पुरता घालवा."

"काका, असं काय बोलता हो..."

"घालवा म्हणतो ना."

ताईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं नुसतं 'नको' म्हणायचा अवकाश होता. हा आत्ता म्हणेल, मग म्हणेल, म्हणून त्या थांबून राहिल्या. मनातल्या मनात ओरडल्यासुद्धा, अरे म्हण की मेल्या!

"बाबांचीच इच्छा असेल, तर करा," मुलगा म्हणाला.

त्यांनी पट्टी शून्यावर नेली. कोपऱ्यात नुसतं आभाळ उरलं, आणि आभाळात केसासारखी एक लाल रेघ. कपाळ, कान, खांदे, सगळ्यांच्या कडेकडेनं फिरलेली.

म्हातारा परत जवळ आला. "ही रेघ कसली?"

"तिथं काहीतरी आहे, हे मला कळावं म्हणून असते ती," ताई म्हणाल्या.

"बोर्डावर येईल?"

"नाही काका. छापताना येत नाही."

"मग हरकत नाही," म्हातारा म्हणाला, आणि कोटाची बटणं काढू लागला.